आधी कशी होती?

नवी गाडी घरी येऊन अकरा दिवस झाले होते. ओडोमीटरवर ६४० किलोमीटर. सीटवरचं प्लास्टिक निघालं होतं, आतला नवा वास अजून गेला नव्हता. संध्याकाळी मित्राचा मेसेज आला, ‘तुझ्या इंजिनाची फाइल तयार आहे. शनिवारी येतोस का? दोन तासांचं काम.’

हा मित्र गाड्या ट्यून करतो आणि मन लावून करतो. त्याच्या हातून गेलेल्या कितीतरी गाड्या मी चालवल्या आहेत. त्यामुळे रिमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं) करावा की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच. ते गाडी बुक करण्याआधीच ठरलं होतं. हेच इंजिन निवडलं, ते कारखान्याने त्यात बरंच काही शिल्लक ठेवलं आहे हे माहीत होतं म्हणून. तरीही मी लिहिलं, ‘या शनिवारी नको.’

‘मग कधी?’

त्या ‘मग कधी’वर मी पुढचे आठ महिने विचार करत होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिली टर्बो गाडी, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारी, आली, तेव्हा मी थांबलो नव्हतो. ९०० किलोमीटरवर एका दुसऱ्या ट्यूनरकडून रिमॅप करून घेतला. त्या रात्री रिकाम्या रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये मोकळी सोडली आणि पाठ सीटला चिकटली. तो आनंद खराच होता, आज मागे वळून बघतानाही मी त्याचं मोल कमी करणार नाही. पण तीन हजार किलोमीटरच्या आसपास गाडी निघताना बारीक हिसका देऊ लागली. मग भार पडला की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढायचे आणि वेग त्या मानाने वाढायचा नाही. क्लच घसरत होता. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला संगणक जोडला, सॉफ्टवेअर बदललेलं दिसलं आणि वॉरंटीचा विषय तिथेच संपला. ट्यूनर म्हणाला, मी वाढवलेला टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) हा क्लच सहज पेलतो, तो मुळातच खराब असणार. दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात, हे मला तेव्हाही कळत होतं. खरं काय ते ठरवायला माझ्या हातात मात्र काहीच नव्हतं.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी चालवून पाहिली, उतरले, हात पुसले आणि विचारलं, ‘आधी कशी होती?’

मी सांगू लागलो, की आधी मऊ होती, ओढ कमी होती.

‘ते नाही रे. क्लच कुठे पकडायचा? गाडी थंड असताना हिसका होता का? चढावर तिसऱ्यात काय करायची?’

मला सांगता येईना. जेमतेम नऊशे किलोमीटर, त्यातले निम्मे गाडी जपण्यात गेलेले. मूळ गाडीची आणि माझी ओळखच झाली नव्हती. ‘मग आता कुणाला काय विचारणार तू?’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

नव्या गाडीला ‘आधी’ नसते. ट्यूनिंगबद्दल इतकं बोललं जातं, इतके आकडे फेकले जातात, पण ही साधी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. बदल करायचा म्हणजे कशात तरी करायचा. ते ‘कशात’ अजून ठरायचं असतं.

आणि हे फक्त चालवणाऱ्याच्या मनापुरतं नाही, इंजिनाच्या आतही तसंच असतं. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या रेघांत तेल टिकतं, आणि त्यांचे उंचवटे झिजत पिस्टनच्या रिंगा भिंतीशी जुळून घेतात. हे काम सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये बरंचसं उरकतं, उरलेलं पुढे सावकाश चालू राहतं. पहिलं तेल काढून प्रयोगशाळेत तपासलं तर त्यात लोखंड, अॅल्युमिनियम, तांबं चढ्या प्रमाणात सापडतं, सांधे बंद करायला वापरलेल्या सीलंटमधलं सिलिकॉनही सापडतं. पुढच्या तेलात हे आकडे उतरतात, त्याच्या पुढच्यात आणखी. ते एका जागी स्थिरावले, की इंजिन बसलं असं म्हणायला आधार मिळतो.

रनिंग-इन कसं करावं यावरून दोन पंथ आहेत आणि त्यांचं भांडण जुनं आहे. एक म्हणतो, जपून चालवा. दुसरा म्हणतो, ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून भार दिलाच पाहिजे. मला दुसऱ्याचं अर्धं पटतं. भार द्यावा, पण इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, थोडा वेळ, आणि लगेच पाय काढून घ्यावा. एकाच आरपीएमवर तासन्‌तास जाऊ नये, यावर दोघांचंही एकमत आहे. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरवर एक वेगळी सर्व्हिस असते. तिच्यात इंजिनाचं तेल बदलतात आणि मागच्या डिफरेन्शिअलचंही. ज्या गाड्यांचं नावच वेगावर उभं आहे, त्यांचे बनवणारे पहिले दोन हजार किलोमीटर हात आखडून चालवा म्हणतात. हा सल्ला माझ्या साध्या गाडीला लागू नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

दुसरं कारण वॉरंटीचं. पण ते ज्या पद्धतीने सांगितलं जातं तसं मला सांगायचं नाही. ‘वॉरंटी संपेपर्यंत थांबा’ हा सल्ला सोपा आहे आणि बऱ्याच जणांसाठी योग्यही आहे. मला मात्र त्यापेक्षा एक रेघ जास्त शिकवून गेली. यंत्रांच्या भरवशाचा अभ्यास करणारे अभियंते बिघाडांचं प्रमाण काळावर मांडतात, तेव्हा बाथटबच्या आकाराची रेघ उमटते. सुरुवातीला उंच, मग लांबच लांब सपाट, शेवटी पुन्हा चढती. सुरुवातीची उंची असते ती जन्मजात दोषांची: नीट न आवळलेला नट, ओतकामात राहिलेला पोकळ भाग, अर्धवट बसलेला कनेक्टर. हे दोष वापरात लवकर बाहेर पडतात. ते बाहेर पडायला जागा हवी, आणि त्या काळात गाडी कारखान्यातून आली तशीच असली पाहिजे. दोष आणि बदल एकाच आठवड्यात गाडीत राहायला आले, तर कुणाचं पाऊल कुठलं हे पुढे कुणालाच ओळखता येत नाही. माझ्या त्या जुन्या क्लचचं हेच झालं.

सॉफ्टवेअर परत जुनं टाकलं की कळत नाही, असं काही जण सांगतात. हे मनातून काढून टाकावं. आजचे कंट्रोल युनिट किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद ठेवतात, आणि फोक्सवॅगन समूहात तर बदललेलं सॉफ्टवेअर आढळलं की त्या गाडीच्या नोंदीला ‘टीडी१’ हा शेरा लागतो, असा की दुसऱ्या सर्व्हिस सेंटरलाही तो दिसतो. लपवण्याच्या हिशेबाने ट्यूनिंग करू नये. करायचं तर उघडपणे, जबाबदारी आपली मानून करावं. विमा कंपनीलाही कळवावं.

आता शिल्लक ठेवलेल्या ताकदीबद्दल. कारखान्याने मुद्दाम ताकद दाबून ठेवली आणि आपण ती सोडवतो, अशी एक समजूत असते. तिच्यात तथ्य आहे, पण अपुरं. कारखाना एका गाडीचा विचार करत नाही. हलकं पेट्रोल भरणारा, तेल बदलायला विसरणारा, तापलेल्या दिवशी पूर्ण भरलेली गाडी घाटात चढवणारा, समुद्रसपाटीवरचा आणि डोंगरमाथ्यावरचा, अशा सगळ्यांचा तो एकदम विचार करतो. त्या सगळ्यांत मिळून जे वाईटात वाईट घडेल, तिथेही इंजिन टिकलं पाहिजे. ट्यूनर त्या गर्दीतून एकाच माणसाला बाजूला काढतो आणि म्हणतो, तू चांगलं पेट्रोल भरतोस, तेल वेळेवर बदलतोस, इंजिन गरम होईपर्यंत दाबत नाहीस, तेव्हा तुझ्यासाठी राखलेला हा भाग तू वापर. हे मला न्याय्य वाटतं. पण तो माणूस खरोखर मीच आहे का, हे ठरायलाही काही महिने लागतात. मी वर्षभर चांगलंच पेट्रोल भरेन हे शोरूममध्ये कुणीही म्हणेल.

दुसरं असं, की एकच इंजिन दोन मॉडेल्समध्ये वेगवेगळ्या ताकदीचं दिसलं म्हणून फरक फक्त सॉफ्टवेअरचाच असतो असं नाही. कधी तसं असतं. कधी मोठ्या भावाचे पिस्टन वेगळे असतात, टर्बोतली तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा असतो, गिअरबॉक्सच वेगळा असतो. फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतचा आहे, तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीक्यू२५० हा ३५० पर्यंतचा. इंजिन ३२० द्यायला एका पायावर तयार असेल, पण मागे कोण उभं आहे हे आधी बघायला नको का?

इथे थोडं थांबतो, कारण या जागी माझ्यासारखे बहुतेक जण चुकतात. आपण अश्वशक्ती मोजतो आणि इंजिनाला सोसावा लागतो तो टॉर्क. किलोवॅटमधली ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९,५४९. ३०० न्यूटन मीटर ५,००० आरपीएमवर मिळाले तर ताकद १५७ किलोवॅट, तेच ३०० न्यूटन मीटर २,००० आरपीएमवर मिळाले तर फक्त ६३. कागदावर दुसरा आकडा किरकोळ दिसतो. सिलिंडरमधला सरासरी दाब मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो, आणि खालच्या आरपीएमवर बेअरिंगमधला तेलाचा पडदाही पातळ असतो. रिमॅप केलेली गाडी जी धुंदी देते, ती बहुतेक इथलीच, खालून येणारी. पाय ठेवला की गाडी ओढते, गिअर बदलावा लागत नाही.

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांचं एक दुखणंही नेमकं याच पट्ट्यात राहतं. साधारण १,५०० ते २,५०० आरपीएम, भार जवळजवळ पूर्ण, आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. नेहमीच्या नॉकिंगमध्ये (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) सेन्सर ऐकतो आणि ठिणगी मागे घेतो. इथे ठिणगीच्या आधीच सगळं घडलेलं असल्यामुळे मागे घ्यायला काही उरत नाही. अशा एखाद्याच स्फोटाने पिस्टनवरचा रिंगांमधला कठडा तुटू शकतो. तेलातल्या कॅल्शियमयुक्त घटकांचा याच्याशी संबंध आहे हे लक्षात आल्यावर तेलांची रसायनं बदलली गेली, आणि २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा ‘एसएन प्लस’ हा दर्जा खास यासाठी आला. म्हणून रिमॅपआधी मी माझ्या मॅन्युअलमध्ये तेलाचा दर्जा बघितला, आणि मित्राला एक अट घातली: २,५०० च्या खाली टॉर्क फारसा वाढवायचा नाही. त्याला हे थोडं जड गेलं. ‘अरे, लोकांना तेच तर हवं असतं,’ तो म्हणाला. मला वरची ओढ हवी होती, आणि इंजिन हवं होतं.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. सेन्सरच्या वायरीत बसवायच्या त्या डब्या, ज्या संगणकाला दाब कमी आहे असं खोटं सांगून जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, मिळवतात, त्या मला कधीच पटल्या नाहीत. ज्याच्यावर इंजिनाचा जीव अवलंबून आहे त्याच्याशी खोटं बोलायचं हे मनाला रुचत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलचा फिल्टर काढून टाकणं तर मी ट्यूनिंगमध्ये धरतच नाही. तो धूर दुसऱ्यांच्या छातीत जातो.

आणि ब्रेक. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकतो आणि गाडी घेताना विसरतो. ब्रेकचं तेल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ तेलाचा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलेल्या अवस्थेत ती किमान मर्यादा १५५ वर येते. रिमॅपवर खर्च करणाऱ्या प्रत्येकाने आधी टायर आणि ब्रेक बघावेत असं मला मनापासून वाटतं. मी पॅड बदलले ते पाचव्या महिन्यात, इंजिनाला हात लावण्याच्या कितीतरी आधी. गाडी इतकी बदलल्यासारखी वाटली, की काही दिवस रिमॅपची आठवणही आली नाही.

या आठ महिन्यांत मी एक वही ठेवली. पूर्वीच्या गाड्या आपलं दुखणं बोलून दाखवायच्या. कार्ब्युरेटरचा जेट चुकला, डिस्ट्रिब्युटर जरा जास्त फिरला, की कानाला कळायचं. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये आली आणि पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे दोन्ही एकच पेटी ठरवू लागली. तेव्हापासून गाडी स्वतःला सावरून घेते. पेट्रोलचं प्रमाण हलवते, ठिणगी मागेपुढे करते, आणि चालवणाऱ्याला सगळं सुरळीत वाटत राहतं. आजच्या गाडीची ‘आधी’ कानाने नोंदवता येत नाही, आकड्यांनीच नोंदवावी लागते. म्हणून डॅशबोर्डखालच्या सॉकेटला एक छोटा अडॅप्टर लावला आणि दर पंधरा दिवसांनी त्याच सरळ रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, २,००० ते ५,५०० आरपीएम, तेल गरम झाल्यावर, असा एक लॉग घेत गेलो. बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे घेतली, टर्बोचा वेस्टगेट (धुराला टर्बोच्या बाजूने वाट देणारी झडप) किती टक्के बंद ठेवावा लागला. शेजारी बाहेरचं तापमान आणि कुठलं पेट्रोल होतं ते.

पहिले चार-पाच लॉग जवळजवळ एकमेकांवर बसत होते. मग ५,२०० किलोमीटरच्या सुमारास वेस्टगेटचा आकडा सरकू लागला. पूर्वी ५५ टक्क्यांवर जो बूस्ट मिळायचा, त्याला आता ६१ लागत होते. पंधरा दिवसांनी ६८. बाहेरचं तापमान तेच, पेट्रोल तेच, बूस्टही अगदी तोच. गाडी चालवताना काहीच जाणवत नव्हतं. ओढ तशीच, आवाज तसाच, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. तो सरकलेला आकडा एवढंच म्हणत होता, की तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतंय.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी आधीच्या आणि आताच्या लॉगचे दोन कागद शेजारी ठेवले. काउंटरवरच्या तरुणाने आधी नेहमीचं उत्तर दिलं, ‘सर, एरर कोड काहीच नाही.’ पण त्याने कागद आतल्या तंत्रज्ञांकडे नेले. ते बाहेर आले, कागद दोनदा बघितले, मला म्हणाले, ‘जरा बसा तुम्ही.’ इंटरकूलरच्या नळीवरची एक पट्टी पुरती आवळलेली नव्हती. भार आला की नळी कणभर सरकत होती आणि तिथून हवा निसटत होती. पट्टी बदलली, पंधरा मिनिटांचं काम, वॉरंटीत. परतताना त्याच रस्त्यावर लॉग घेतला. ५४ टक्के.

त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. ६४० किलोमीटरवर, त्या पहिल्या शनिवारी मी गेलो असतो तर काय झालं असतं, ते डोळ्यांपुढे येत राहिलं. जास्त बूस्ट मागितला गेला असता, निसटणारी हवा भरून काढायला टर्बो आणखी वेगाने फिरला असता. छोटा टर्बो पूर्ण भारात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, त्याच्यावर त्याला किती पळवायचं? आणि तो गेला असता तर दोष मित्राच्या फाइलला लागला असता. मीही तिलाच लावला असता.

हा हिशेब मी त्याला फोनवर सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ते सगळे लॉग मला पाठव. नुसती फाइल टाकण्यापेक्षा तुझ्या गाडीवर बसून करू.’

लॉग पाठवून आठवडा झाला. दुसरं तेल निघालंय, त्याच्या तपासणीत लोखंड पहिल्यापेक्षा निम्म्याहून खाली आहे. कडक उन्हातले तीन लॉग वहीत आहेत, आणि सर्वांत तापलेल्या दिवशीही ठिणगी अंशभराहून जास्त मागे घ्यावी लागलेली नाही. ओडोमीटरवर ७,८८० आहे. मूळ फाइलची प्रत मित्राने काढून दोन ठिकाणी ठेवायची असं ठरलंय.

येत्या शनिवारी सकाळी जातोय. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, गाडी बांधायची, तेल गरम होऊ द्यायचं, आणि पूर्ण पाय दाबून घ्यायच्या पहिल्या तीन धावा मूळ फाइलवरच घ्यायच्या. ते कागद वहीच्या पहिल्या पानावर लावणार आहे. ते पान मी आठ महिन्यांपूर्वीच कोरं सोडलं होतं.